पिंजारी सरांच्या दोन डब्या

दोन्ही गुडघे एकदम फुटलेला माणूस दिसला की पिंजारी सरांचा चेहरा उजळायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय, उगाच सांगत नाही. तळोद्याच्या सरकारी रुग्णालयात ड्रेसिंगची खोली माझ्याकडे होती. सर पहिल्यांदा तिथे आले, तेव्हा घाटात मोटारसायकलवरून घसरलेला एक माणूस बाकावर विव्हळत होता. खडीवर त्याचे दोन्ही गुडघे सोलून निघाले होते. दारात एक उंच, किडकिडीत मनुष्य येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याने वाकून त्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "वा, दोन्ही सारखाच शेतस." मी हातातला चिमटा ट्रेमध्ये आपटला.

"कोण तुम्ही? आणि यात वा काय आहे?"

"ताई, मी हमीद पिंजारी. फार्मसी कॉलेजले शिकाडस. माले हाऊ गडी पाहिजे. म्हणजे त्याना गुडघा." बाकावरच्या माणसाने माझ्याकडे असं केविलवाणं पाहिलं की मला त्याही स्थितीत हसू आलं. मग सरांनी पिशवीतून परवानगीचे कागद काढले. मोठ्या डॉक्टरांची सही होती, कमिटीचा शिक्का होता. सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे ते नेहमीचंच आहे.

काम असं होतं. सरांनी कंबरमोडीच्या पाल्याचा मलम केला होता. कंबरमोडी म्हणजे काही हिमालयातली वनस्पती नव्हे, कुणी तिला दगडीपाला म्हणतं, बांधावर, गटाराकाठी, आमच्या दवाखान्याच्या भिंतीला लागूनसुद्धा उगवते. खरचटलं की पाला चुरगाळून लावायचा, हे आमच्या धानोऱ्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. सरांना ते तपासून बघायचं होतं. मेण आणि तिळाच्या तेलात पाल्याचा अर्क घालून एक मलम, आणि पाला न घालता तसाच दुसरा. दिसायला दोन्ही सारखे हवेत म्हणून बिनपाल्याच्या मलमात मिठाईवाल्यांचा हिरवा रंग, आणि वासाने कळू नये म्हणून दोन्हींत निलगिरीचा थेंब. एका डबीला लाल दोरा, दुसरीला पांढरा. एका गुडघ्याला लाल डबीतला, दुसऱ्याला पांढऱ्या डबीतला. कोणत्या गुडघ्याला कोणता, ते नाणं उडवून ठरवायचं. फक्त वरवरचं खरचटलेलं घ्यायचं, खोल जखम डॉक्टरांकडे, आणि साखरेचा आजार असलेला माणूस अजिबात घ्यायचा नाही. हे शेवटचं त्यांनी मला इतक्या वेळा बजावलं की मी चिडले.

"बरं, पाला कुठल्या डबीत आहे?" मी विचारलं.

"माले माहीत नही."

"म्हणजे? मलम तुमचा ना?"

कॉलेजातल्या एका मॅडमनी डब्या भरल्या होत्या आणि फक्त त्यांनाच ते ठाऊक होतं. आपल्याला सांगायचं नाही अशी शपथ सरांनीच त्यांना घातली होती. मला काही हे झेपेना. नोकरीत माझं अर्धं आयुष्य गेलं ते 'सिस्टर, हे तुम्हाला माहीत पाहिजे' असं ऐकण्यात, आणि हा गृहस्थ आलाय सांगायला की तुम्हाला माहीत नसणं हेच तुमचं काम. मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा सर म्हणाले, "ताई, आपले माहीत नही, घावले माहीत शे. आपण फक्त पाव्हाचं." घावालाच माहीत आहे, हे वाक्य मी नंतर इतक्यांदा ऐकलं की आमच्या झाडूवाल्या मावशीसुद्धा कुणी काही विचारलं की तेच फेकायला लागल्या. साहेब कधी येतील? घावले माहीत शे.

सर दिवसाआड यायचे. घामाने डबडबलेले, सायकल भिंतीला टेकवून, आधी साबणाने हात धुवायचे, मग बाकावर बसून जखमा न्याहाळायचे. पारदर्शक कागद ठेवून जखमेची कड पेन्सिलीने गिरवायचे. मी कधी चुकून म्हणाले की, "लाल दोरेवाला गुडघा बरा दिसतोय हं," की दोन्ही कानांवर हात ठेवायचे. वर्गात म्हणे ते शुद्ध मराठी बोलत, पण माझ्याशी अहिराणीच. मी धानोऱ्याची आहे कळल्यावर तर त्यांना मोकळं रान मिळालं. त्यांचे वडील गावोगाव फिरून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. कापूस पिंजायची त्यांची धनुष्यासारखी धुनकी अजून घरात खुंटीला टांगलेली होती. सर सगळी शास्त्रं कापसावर आणून ठेवायचे. एखाद्या रोग्याचा कागद अर्धवट गिरवला गेला की तो सरळ बाद करायचे. मी म्हणायचे, "एवढ्यानं काय होतंय?" ते म्हणायचे, "कापूसमा एक सरकी ऱ्हायनी तरी पाठले टोचस, ताई."

एकदा चहा पिताना मी विचारलंच. म्हटलं, सर, पाला लावला की जखम भरते हे माझी आजीसुद्धा सांगायची, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांनी बशी खाली ठेवली. मग बोलले. लहानपणी ते फार पडायचे. पडलं की त्यांची अम्मी कंबरमोडीचा पाला तळहातावर चुरायची, जखमेवर दाबायची, वरून फुंकर मारायची, आणि जखम भरायची. सगळ्या भरल्या, एकही चिघळली नाही. पुढे अम्मीला साखरेचा आजार झाला. टाचेला चप्पल लागली. तिने तोच पाला लावला, तशीच फुंकर मारली. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणायची, तुझे सगळे घाव याच पाल्याने भरले, माझा नाही भरणार? पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि त्यातच ती गेली.

"आते तुम्हीच सांगा," सर म्हणाले. "पाला खरा का खोटा? अन् मन्हा घाव भरना तो पालाथी का अम्मीनी फुंकरथी, का दोन्हीथी नही, आपला आपच?"

मी आयुष्यभर लोकांना ओरडत आले की जखमेवर फुंकर मारू नका, तोंडातले जंतू जातात. तेवढं मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, चहा गार झाला सर.

शेवटी बरेच गुडघे, कोपरं, नडग्या जमल्यावर कॉलेजच्या मॅडमनी गुपित फोडलं. लाल दोऱ्याच्या डबीत पाला होता. सरांनी सगळे गिरवलेले कागद त्याप्रमाणे लावले आणि फरकच निघाला नाही. लाल आणि पांढरा, दोन्ही बाजू सारख्याच भरल्या होत्या. मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. ते फक्त म्हणाले, "पाला गया ताई," आणि खिडकीबाहेर आमच्या भिंतीलगत उगवलेल्या त्या कंबरमोडीकडे बघत राहिले. पिवळी फुलं आली होती तिला. मला उगाच त्या झाडाचाच राग आला.

त्याच आठवड्यात सायकीबाई उगवली. ही धडगावच्या वरच्या पाड्यावरची पावरा आदिवासी बाई. लाकडाची मोळी घेऊन घसरली होती, दोन्ही नडग्या सोललेल्या, म्हणून सरांची फार लाडकी. तिला रोज जीपने येणं शक्य नव्हतं, म्हणून पहाडातल्या इतर रोग्यांसारख्या तिलाही दोन्ही डब्या घरी दिल्या होत्या. आमचे बहुतेक रोगी पहाडातलेच. उजव्या पायाला लाल, डाव्याला पांढरी, असं चार-चारदा पढवून. तिने माझ्यासमोर एक नारळाची करवंटी ठेवली. तळाशी हिरवं थोडं चिकटलेलं.

"सिस्टर, अजून दे. पोराला लागलं."

"डब्या कुठे आहेत, बाई?"

"डब्यात मीठ भरलं." बाजारात बोलतात त्या मराठीत ती सावकाश बोलत होती. "दवा एकात केली. दोन पाय एकाच बाईचे. एकाला एक जेवण, दुसऱ्याला दुसरं, असं कसं करू? पाय भांडतील."

सर तिथेच होते. त्यांनी करवंटी हातात घेतली, नाकाशी नेली, परत ठेवली. मग त्यांनी फार हळू विचारलं, "बाई, बाकीच्यांनीबी असंच करं का?"

सायकीबाईला प्रश्नच कळेना. दुसरं काय करणार माणूस?

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने वर गेलो. मी, सर, आणि जीपच्या टपावर दोन बोकड. पाड्यापाड्यावर जाऊन विचारलं. कुणी दोन्ही मलम एकत्र कालवले होते. कुणी आधी लाल संपवला, मग पांढरा, दोन्ही पायांना सारखा. एका म्हाताऱ्याने दोन्ही पायांना थोडं थोडं लावून उरलेलं बैलाच्या मानेला लावलं, कारण बैलाचंही जू लागून सोललं होतं आणि घरात दवा असताना त्याला उपाशी कसं ठेवायचं? कुणीही लपवलं नाही. उलट आपण नीट वाटणी केली हे सगळ्यांनी कौतुकाने सांगितलं. त्या पाड्यांवर असं वाटणीतून कुणाला वगळत नाहीत, अन्न असो की औषध. आणि आम्ही त्यांना एका पायाला वगळायला सांगून आलो होतो.

माझं डोकं भणभणून गेलं. परतताना मी म्हटलं, "सर, मग आता पाला गेला का नाही गेला? सारखं भरलं ते पाल्यात दम नाही म्हणून, की पाला दोन्हीकडे गेला म्हणून?"

"माले माहीत नही," सर म्हणाले, आणि हसले. पहिल्यांदा एवढं हसलेले पाहिले. मला मात्र काही हसू आलं नाही. एवढ्या दिवसांची मेहनत करवंटीत गेली होती, आणि हा मनुष्य जीपच्या फाळक्याला टेकून हसत होता. पुढे म्हणाले, "पुन्हा करू. आते डब्या घर देवाना नही. गाठ राहिली, पुन्हा पिंजावं लागीन."

पण पुन्हा करणं लांबलं, कारण सरांच्याच पायाला लागलं. पुतणीच्या लग्नात नवे बूट घातले आणि टाच सोलली. तेव्हा कळलं की साखर त्यांनाही होती, अम्मीसारखीच, आणि औषधं वेळेवर घ्यायचा कंटाळा होता. दुसऱ्यांना इतकं बजावणारा माणूस स्वतःच्या बाबतीत असा. मी त्यांना बोल बोल बोलले. जखम टाचेच्या मागे होती, कडा पांढुरक्या, वास सुटलेला. मला अम्मीची टाच आठवली. त्यांनाही आठवली असणार, कारण बाकावर पाय ठेवून त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"पाला लावला नाही ना?" मी विचारलं.

"नही. मी येडा शे का?"

नंदुरबारच्या सर्जनांनी पाहिलं. साखर आटोक्यात आणली, इंजेक्शनं सुरू केली, रोज ड्रेसिंग माझ्याकडे. थोडं मेलेलं कातडं काढावं लागलं. पाय राहतो की जातो, हे कुणी छातीठोक सांगेना. सर रिक्षाने यायचे, भिंतीला हात लावत आत यायचे. सायकल घरीच.

आणि एके सकाळी पट्टी सोडली तर आत हिरवं. गॉजच्या खाली, जखमेच्या कडेला, चुरलेला पाला. मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. ते वाकून बघत होते आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला होता. "मी नही," एवढंच म्हणाले.

सोबत त्यांची थोरली बहीण होती, जैबुनआपा. विधवा, सरांच्याच घरी राहायची, त्यांच्याएवढीच उंच. सर एकटे, लग्न केलेलं नाही, त्यामुळे घर तिच्याच हातात. ती पदराशी चाळा करत भिंतीकडे बघू लागली. मग एकदम उसळली. "हां, मीच लायं. तो झोपे तवय. डॉक्टरनी दवा भी ऱ्हावू दे, अम्मीनी भी ऱ्हावू दे. दोन्ही आपलाच शेतस ना? मी काय त्याना पाय जावू देऊ?"

"आपा, अम्मीना पाय याच पालाथी—" सर बोलायला लागले आणि थांबले. कारण ते त्यांना माहीत नव्हतं. पाल्याने गेला, की दवाखान्यात न गेल्याने गेला, हेच तर त्यांना शोधायचं होतं. मी सलाइनने सगळं हिरवं धुऊन काढलं. रागाने धुतलं, पण अलगद. आपाला हात जोडून सांगितलं की पुन्हा करू नका. ती हो म्हणाली. तिने ऐकलं का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पाय वाचला. हळूहळू कडा लाल झाल्या, जखम तळापासून भरत आली. सर्जन म्हणाले औषधं लागू पडली, मी म्हणाले धुण्यानं झालं, आपा गप्प राहिली. सर नुसते टाचेकडे बघत बसायचे. "आते ही कशात मोजू?" म्हणायचे. "लालमा का पांढरामा?" शेवटी त्यांनी ती कशातच मोजली नाही.

गावाने मात्र मोजली. पिंजारी सरांचा पाय कापायचा होता तो कंबरमोडीने वाचवला, ही बातमी तळोद्यातून धडगावपर्यंत गेली. लोक पाला तोडून न्यायला लागले, साखरेवालेसुद्धा. आमच्या भिंतीलगतचं झाड बोडकं झालं. मी सरांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाय बरा होतो न होतो तोच ते बाजारात, मशिदीपुढे, जीपच्या अड्ड्यावर माणसं धरून सांगत फिरायला लागले, की बाबांनो, पाल्यानं वाचला असं मला माहीत नाही, साखर असेल तर आधी दवाखान्यात जा. लोक ऐकून घ्यायचे आणि पाठ फिरली की म्हणायचे, बघा किती मोठा माणूस, स्वतःच्या औषधाचा गर्व नाही. हे ऐकून त्यांनी माझ्या खोलीत येऊन डोकं धरलं होतं. खोटं बोललं तर लोक पटकन ऐकतात, आणि 'माहीत नाही' हे काही केल्या त्यांच्या कानात शिरत नाही, याचं त्यांना फार वाटायचं. मला त्यांची दया यायची, आणि रागही यायचा की हा माणूस एकदा तरी काहीतरी पक्कं का बोलत नाही.

दोन डब्यांचा तो खटाटोप पुन्हा करायचा राहिला तो राहिलाच. सर गेले ते हृदयाच्या झटक्याने, भर दुपारी, वर्गात शिकवताना. पायाचा काही संबंध नव्हता. निदान डॉक्टर तसं म्हणाले. त्यांच्या घरी गेले तर अंगणात बसलेले लोक पुन्हा तेच बोलत होते, पाल्याची, पायाची गोष्ट. वाटलं ओरडून सांगावं. पण ती जागा ओरडायची नव्हती. खुंटीवर ती धुनकी टांगलेली होती, आपा तिच्याखाली बसली होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले. माझा कोण लागत होता तो माणूस? काहीच नाही. तरी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

पुढे काही महिन्यांनी आपा ड्रेसिंगच्या खोलीत आली. एकटीच. बाकावर बसली, पाय पुढे केला आणि फडकं सोडलं. टाच. तीच जागा. वर कंबरमोडीचा पाला. साखर आहे का विचारलं तर म्हणाली, आमच्या घरात कुणाला नाही?

मी हात धुतले. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"सिस्टर, काढू का ठेवू?"

मी सलाइनची बाटली उघडली. मग तीच म्हणाली, "हमीद ऱ्हाता ते काय म्हणता?"

"म्हणता, माले माहीत नही," मी म्हटलं. आणि आम्हा दोघींना एकदम हसू फुटलं. हसता हसता तिचे डोळे भरले, माझेही भरले. मी तिला म्हटलं, "आपा, पाल्याचं मलाही माहीत नाही. पण तुमचा पाय मी जाऊ देणार नाही. हे काढते, धुते, आणि आज लगेच आपण नंदुरबारला जायचं. मी येते सोबत." तिने मान हलवली. या वेळी तिने ऐकलं, एवढं मला नक्की कळलं.

पाला धुऊन निघाला. जखम अजून वरवरची होती, वेळेत आली होती. मी औषध लावलं, गॉज ठेवला, पट्टी नीट गुंडाळून गाठ मारली. मी उठले तरी आपा उठेना. पाय तसाच पुढे धरून लहान पोरीसारखी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काय हवंय ते मला उमगायला थोडा वेळ लागला.

मी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग वाकले आणि बांधलेल्या पट्टीवर हळूच फुंकर मारली.

आपाचा पाय शाबूत आहे, ती चालते-फिरते. माझ्या कपाटात अजून सरांच्या त्या दोन डब्या आहेत, लाल दोऱ्याची आणि पांढऱ्या दोऱ्याची. त्या फुंकरीला कुठला दोरा बांधायचा, ते मला माहीत नाही.